माळवदावर माती कोण घालणार

माण तालुक्यातल्या एका गावात जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घराचं मोजमाप घ्यायचं काम चाललं होतं. उन्हं तापायला लागली होती. बरोबरची वास्तुकलेची मुलं सकाळपासून टेप घेऊन भिंतींना चिकटलेली. सोपा, माजघर, चुलीची खोली, मागचं परडं, सगळं कागदावर उतरत होतं. भिंतीची जाडी सव्वादोन फूट, खांबाखालचं उथळं सव्वा फूट चौरस, दोन खांबांमधलं अंतर पाच फूट. घरच्या आजी उंबऱ्यापाशी बसून शेंगा फोडत होत्या आणि अधूनमधून मान वर करून "तितं इंचू निगतो, कोनाड्यात हात घालू नगा" एवढंच सांगत होत्या. काम संपल्यावर मी तो कागद त्यांच्यापुढं धरला. ही चूल, ही देवळी, हे जातं, असं दाखवत गेले. त्यांनी शेंगांच्या धुळीनं भरलेलं बोट प्रत्येक रेघेवरून फिरवलं. आपलं घर त्यांना ओळखता आलं, अगदी मागच्या दाराची पायरीसुद्धा. मग म्हणाल्या, "समदं बराबर हाय. पर मिरगाच्या आदी वर माती कुनी घालायची, त्ये ह्यात कुटं लिवलंय?"

मुलं हसली, आजीही हसल्या. "तेवढं नाही लिहिलं, आजी," मी म्हटलं, आणि आम्ही सामान आवरायला लागलो. पण दहिवडी गेली, पुसेगाव गेलं, कोरेगावच्या पुढं ऊस दिसायला लागला तरी तो प्रश्न काही सुटला नाही. त्या घराच्या नकाशात दार कुठल्या बाजूला उघडतं ते होतं, देवळीची खोली होती, साण्यातून, म्हणजे छपरातल्या उजेडाच्या भोकातून, उजेड कुठं पडतो तेही एका मुलीनं हौसेनं ठिपक्यांनी दाखवलं होतं. माती घालणारा माणूस मात्र त्यात बसतच नव्हता. त्याच्यासाठी आमच्याकडे खूणच नाही.

माळवद खालून बघावं आणि वरूनही. खालून बघितलं तर खांबावर हात, म्हणजे तुळई पेलणारा लाकडाचा तुकडा, हातावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या आणि कड्यांवर दाटीनं बसवलेल्या चिपा. माणदेशात सागवान कुठलं, बहुतेक घरांत कडुलिंब नाहीतर बाभूळ. लाकूड वाकडं असेल तर वाकडंच घातलेलं, त्याचा बाक वरच्या बाजूला येईल असं बघून. चिपांवर लिंबाचा पाला, पाल्यावर चिखलाचा थर, चिखलावर कोरडी पांढरी माती. वरून बघितलं तर नुसती मोकळी जमीन. फक्त नीट लक्ष दिलं तर कळतं, की ती जमीन एका कोपऱ्याकडे इतकी हलकी उतरती आहे की पायाला कळत नाही, पाण्याला कळतं. त्या कोपऱ्यात दगडी पन्हळ. मधे साणं, त्यावर पावसाळ्यात उपडी घालायला फुटक्या रांजणाचं तोंड नाहीतर शहाबादी फरशीचा तुकडा. उन्हाळ्यात याच जमिनीवर कुरडया वाळतात, मिरच्या वाळतात, आणि रात्री सगळं घर वर येऊन झोपतं.

माती कुठलीही चालत नाही. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं भेगाळते, तिच्या भेगेत बोट जातं. छपरावर तिचा काय उपयोग? लागते ती गावठाणातली पांढरी. शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, शेण, चुना, पडलेल्या भिंतींचा चुरा असं सगळं मिसळून बनलेली, पिठासारखी बारीक. पहिला पाऊस पडला की तिचा वरचा पापुद्रा दाटतो आणि पुढचं पाणी वरच्यावर वाहून जातं. या मातीसाठी गावोगावच्या जुन्या टेकाडांच्या कडा लोकांनी कुदळीनं उकरून नेल्या, आणि पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना त्याचं वाईट वाटतं ते रास्तच आहे. पण मला त्यात दुसरंही काहीतरी दिसतं. पडलेल्या घराची माती पुन्हा उभ्या घराच्या डोक्यावर जाते, ते घर पडलं की पुन्हा पांढरीला मिळते. एवढी शतकं गाव आपल्याच मातीत राहिलं.

सातारा जिल्ह्याचा पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रवास केला की छपरं कशी बदलत जातात हे बघायला मला अजूनही आवडतं. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, म्हसवडला पाचशेच्या आतबाहेर. दोन्ही गावांत सरळ रेषेत जेमतेम सव्वाशे किलोमीटर. जावळी, पाटण, खाली सांगलीकडचं शिराळा, या पट्ट्यात छप्पर उभ्या उताराचं, वळचण इतकी खाली की वाकून आत जावं लागतं. भिंत म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, त्याला दोन्ही अंगांनी शेणमातीचं लिंपण. आधी गवत नाहीतर भाताचा पेंढा, मग कुंभाराची नळीची कौलं, मग मंगळोरी. पावसाच्या अंगाला पडवी आणि पडवीबाहेर गवताच्या झडपा, म्हणजे झड भिंतीपर्यंत पोचायलाच नको. गुरं आत, माणसांच्या शेजारी, आषाढ-श्रावणात तेवढीच ऊब. वाई-साताऱ्याच्या मधल्या पट्ट्यात काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या भिंती, चौक. कोरेगावच्या पुढं उतार कमी कमी होत जातो, आणि खटाव-माणात, तिकडं आटपाडी-जतला छप्पर पार आडवं होतं. पाऊस कमी तिथं माती डोक्यावर घेता येते, पाऊस जास्त तिथं ती पायाशीच ठेवावी लागते. कुणी शिकलेल्या माणसानं हे ठरवलं नाही, पण चुकून एखादं माळवद महाबळेश्वराच्या अंगाला कुणी बांधलेलं मी बघितलेलं नाही.

हे सगळं मी वर्गात शिकवते. मुलं भराभरा लिहून घेतात. 'स्थानिक हवामानाला दिलेलं उत्तर' असं वाक्य प्रत्येकाच्या वहीत असतं. ते खरंच आहे. आजींच्या प्रश्नानंतर मला ते अपुरं वाटायला लागलं.

आमचं गावाकडचं घर खटाव तालुक्यातलं. आम्ही साताऱ्याला राहायचो, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला. एसटीतून उतरून फुफाट्यातून चालत गेलं की दारातून आत पाय टाकताच अंगावरचं ऊन कुणीतरी काढून घेतल्यासारखं व्हायचं. माजघरात भर दुपारी संध्याकाळ. साण्यातून उन्हाचा एक कवडसा जमिनीवर पडायचा आणि दिवसभर सरकत सरकत कणगीवर चढायचा. भिंतीला पाठ टेकली की गार. जाड भिंत दिवसभर ऊन पीत राहते आणि ते आत पोचेपर्यंत रात्र होते, हे पुढं पुस्तकात वाचलं तेव्हा मला पाठीवरचा तो गारवाच आठवला. मी या विषयाकडे वळले त्याचं कारण ते माजघर आहे, यात मला शंका नाही. ओल्या सारवणाचा वास, कणगीतल्या ज्वारीचा वास, कोपऱ्यातल्या रॉकेलच्या डब्याचा वास, असे तिन्ही वास एकत्र आले की अजून गलबलतं.

काकूंनी त्या घरात तीस-पस्तीस वर्षं काढली. काही वर्षांपूर्वी ते घर उतरवायचं ठरलं तेव्हा मी फोन करून खूप बोलले. असं घर पुन्हा होणार नाही, त्या भिंती बघा, तो गारवा बघा. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी मे महिन्यात येत हुता. जूनला तुमची शाळा सुरू व्हायची. मी जूनलाबी हितंच आसायची."

जूनमधलं माळवद मी पाहिलेलंच नव्हतं. मग काकू सांगत गेल्या. गळती सुरू झाली की रात्री उठून पातेली मांडायची, अंथरुणं ओढायची. पाऊस उघडला की चिखलातून वर चढायचं, गळतं ती जागा शोधायची. ती खालच्या गळतीच्या बरोबर वर कधीच नसते, पाणी कडीवरून वाट काढत भलतीकडे उतरतं. तिथं पायानं तुडवायचं, वर मूठ-मूठ कोरडी माती टाकायची. साण्याचं झाकण कुणी विसरलं तर दाणे भिजले. कोरड्या दिवसांत चिपांच्या फटीतून माती झरते, ती ताटात पडते, बाळाच्या डोळ्यात पडते. घुशी पोखरतात. विंचू तर घरचेच. दर आठ-पंधरा दिवसांनी जमीन सारवायची, दसऱ्याच्या आधी सगळ्या भिंतींना हात, शिमग्याच्या सुमाराला पुन्हा. बाळंतीण झाली म्हणून सवलत सव्वा महिना. शेणात भुस्सा, त्यात पांढरी, कालवून कालवून बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या आणि त्यात चुना गेला की रात्रभर ठणका. हे सगळं त्या अगदी शांतपणे सांगत होत्या, तक्रार म्हणून नव्हे. कणिक कशी मळायची हे सांगावं तसं.

उतरवलेल्या घरातून मी भिंतीच्या गिलाव्याचा एक तुकडा घेऊन आले. तळहाताएवढा आहे, माझ्या टेबलावर असतो. कडेनं बघितलं तर त्याचे पापुद्रे दिसतात. सगळ्यात आत तांबूस माती आणि तिच्यात ज्वारीच्या धाटाचे तुकडे, अजून पिवळे. मग सारवणाचे करडे थर, इतके पातळ आणि इतके की मोजायला गेलं की नजर घसरते. मधेच एक काळसर रेघ, ती बहुधा चुलीच्या धुराची. मग पांढरा, मग निळीचा चुना, त्या निळ्यावर पुन्हा निळा, मग एकदम गुलाबी, ते धाकट्या आत्याच्या लग्नाचं असावं. आणि सर्वांत बाहेर बोटभर जाडीचा सिमेंटचा राखाडी थर. त्या थराच्या मागं मात्र काही नाही, पोकळी. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि अंगावरून सोडून देते. वाटेत सिमेंट आलं की ओल आतच कोंडते, भिंतीचा पाय मऊ पडतो आणि एक दिवस सिमेंट आपल्याबरोबर वीतभर माती घेऊन खाली येतं. वर्गात मी हा तुकडा मुलांना दाखवते आणि सिमेंट का मारू नये ते सांगते. पण तो थर घरात का आला हे आता मला ठाऊक आहे. ज्या वर्षी काकूंचे हात सांध्यांच्या दुखण्यानं धरले, त्याच वर्षी मारला होता. दसऱ्याला दुसरं कुणी भिंतींना हात फिरवणारं नव्हतं, मुली लग्न होऊन गेलेल्या. एकदा मारलं की पुन्हा बघायला नको, असं गवंडी म्हणाला होता.

हातांचा हा हिशेब मी गावोगाव मांडून बघायला लागले. पाटण-जावळीची माणसं मुंबईला, कितीक पिढ्या माथाडीत. त्यांच्या घरांचा कूड दरवर्षी नवा व्हायला हवा, पण मे महिन्यात दहा दिवसांच्या रजेवर येणारा माणूस जत्रा करेल, देवदेव करेल, लग्नं गाठेल; रानातून कारवी तोडून आणायला त्याला कुठून दिवस सापडणार? पूर्वेला खानापूर, आटपाडी, माण, खटाव. इथली तरुण पोरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात, तमिळनाडूपासून पंजाबपर्यंत कुठल्याही शहराच्या सराफ कट्ट्यात आपल्याकडचं माणूस भट्टीपुढं बसलेलं सापडतं. विट्याच्या आसपासच्या गावांतून हिंडताना त्या पैशाचे बंगले दिसतात. दोन-तीन मजली, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, दाराला मोठं कुलूप. शेजारीच भाऊबंदांचं माळवद, अर्धं बसलेलं. पैसा आला आणि माणूस गेला. बंगल्याला वर्षभर माणूस लागत नाही, माळवदाला लागतं. दुसरं काही कारण शोधायची मला तरी गरज वाटत नाही.

गवंडी, सुतार, कुंभार, वडार यांचंही तेच. बलुत्याचं धान्य बंद झालं आणि कामाचा रोज सुरू झाला, ते चांगलंच झालं. त्या व्यवस्थेत कुणाला काय दिलं जायचं, कुणाला कुठं उभं केलं जायचं, हे ज्यांनी भोगलं त्यांच्या नातवंडांसमोर बसून मी त्या दिवसांबद्दल हळहळू शकत नाही. जुन्या वाड्यांच्या ओट्याची उंची कुणासाठी होती, हेही मोजमापात यायला हवं. पण वर्षाकाठी जी मेहनत या घरांना लागायची, ती त्या व्यवस्थेत आणि घरातल्या बायकांकडून जवळजवळ फुकट मिळायची. तिचं मोल द्यायची वेळ आली तेव्हा माळवद महाग ठरलं.

किल्लारीचं नाव काढल्याशिवाय मातीच्या घराबद्दल कुणी बोलू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जवळपास आठ हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक अशाच घरांखाली. जाडजूड दगडी भिंती, मातीत बांधलेल्या, दोन अंगांना एकत्र धरणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर मातीचा भार. आपल्याकडे १९६७ चा कोयनेचा भूकंप जाणती माणसं अजून काल झाल्यासारखा सांगतात. फूटभर माती म्हणजे किती, याचा मुलांकडून मी हिशेब करून घेते: दहा बाय दहाच्या खोलीवर शंभर घनफूट, वजन साडेचार टनांच्या आसपास. आकडा फळ्यावर आला की वर्ग गप्प होतो. किल्लारीच्या पाहणीतच असंही दिसलं होतं, की जिथं लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा धड होता तिथं भिंती बाहेर ढासळल्या तरी छप्पर काही ठिकाणी खांबांवर उभं राहिलं. आणि दुसरं, छपरांची जाडी वर्षानुवर्षं वाढत गेलेली होती, काही ठिकाणी दीड-दोन फुटांपर्यंत. खटावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्यांना, त्यांना सगळं गाव तात्याच म्हणतं, मी याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "रीत अशी हाय, आदी खरडायचं, मग घालायचं. जेवढी घालायची तेवढी काढायची. पर खरडून खाली उतरवायला चार मानसं जादा लागत्यात. मानसं कमी झाली, मग लोक नुसतीच घालाय लागली." भूकंपानंतर सगळा दोष मातीला गेला. खरडणारी चार माणसं कमी झाली याची नोंद कुठल्या अहवालात करायची?

आता माणात गेलं की माळवदांवर पत्रे दिसतात. माती तशीच ठेवून वर पत्रा, किंवा माती काढून नुसताच पत्रा. गळत नाही, चढावं लागत नाही. एप्रिलमध्ये दुपारी बारानंतर त्याखाली बसवत नाही, बायका भाकरी पहाटेच उरकतात आणि माणसं दिवसभर लिंबाखाली. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना २०१६ साली सुरू झाली तेव्हा सपाट भागातल्या घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये धरले होते आणि घर किमान २५ चौरस मीटरचं. मातीची भिंत आणि मातीचं छप्पर कच्च्यात मोडतं, त्यामुळे अनुदानाच्या यादीत नाव यायला तीच भिंत कामाला येते. ज्यांना ते घर मिळतं त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान मी पाहिलंय. स्वतःच्या नावावरचं, न गळणारं घर. ते घेऊ नका असं म्हणायचा अधिकार मला नाही. मला एवढंच वाटतं, की त्या २५ चौरस मीटरवर स्लॅब टाकताना वरून उन्हासाठी काहीतरी करता येतं, एका भिंतीला जाडी देता येते, आणि उतरवलेल्या घराच्या चार तुळया त्यात बसवता येतात. हे सांगायला गावात कुणी नसतं. घरकुलं महाबळेश्वरला जशी दिसतात तशीच म्हसवडलाही.

सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत, तीही मी मुलांना आवर्जून दाखवते. भिंत नाही, छप्पर नाही, जमिनीच्या पोटात खणलेली कोठारं. अरुंद तोंड, खाली रुंद होत गेलेलं पोट, वीस-पंचवीस फूट खोल. हळद आत घालून तोंड मातीनं बंद केलं की हवा नाही, कीड नाही, माल वर्षानुवर्षं टिकायचा. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा. ज्योत राहिली तर माणूस उतरणार, विझली तर थांबायचं. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्याही वर गेली. नदीकाठच्या गावांतल्या मातीच्या भिंती त्या पाण्यात आठवडाभर उभ्या राहून विरघळल्या, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मातीचं कौतुक करताना ते दृश्य मी बाजूला सारत नाही. आता हळद गोदामात, शीतगृहात जाते. पेवाचा छेद काढायला मुलांना अर्धा दिवस पुरतो. कंदील किती वेळ आत ठेवायचा, हे विचारायला माणूस शोधावा लागला, आणि तो सापडला तेव्हा म्हणाला, "किती वेळ आसं न्हाई, ज्योतीकडं बघून कळतंय."

आम्ही आता मोजमापाच्या कागदांबरोबर आणखी एक तक्ता भरतो. घराचं वर्ष. कुठल्या महिन्यात काय काम, ते कोण करायचं, किती वेळ लागायचा, त्याबद्दल काय मिळायचं, आणि आज ते कोण करतं. शेवटचा रकाना बहुतेक घरांत रिकामा राहतो. माणातल्या त्या घराचा तक्ता आजींनीच सांगून भरला. माती आणायला दिराची बैलगाडी, तुडवायला चौघी जावा, पन्हळ साफ करायला धाकटा पुतण्या, साण्याचं झाकण त्या स्वतः. मुलींपैकी एकीनं विचारलं, "आजी, तुम्हाला यातलं काय आवडायचं?" त्या जराशा विचारात पडल्या. "माती तुडवताना गानी म्हनायचो," म्हणाल्या, "बाकी आवडायला त्यात काय हुतं गं?"

गेल्या उन्हाळ्यात खटाव तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी आपल्या घराचे पुढचे दोन खण माळवदाचेच ठेवायचे ठरवले आणि आम्हाला बोलावलं. मागं त्यांनी स्लॅबची खोली, संडास-बाथरूम सगळं बांधून घेतलंय, गळण्याची धास्ती त्यामुळे नाही. रोजानं माणसं लावली. त्यातल्या निम्म्यांनी माळवदाला कधी हात लावला नव्हता. तात्या खाली ओट्यावर बाज टाकून बसले, ऐंशीच्या घरातलं शरीर, पण आवाज वरपर्यंत पोचत होता. आधी पत्रा काढला, मग जुनी माती खरडली, दोन ट्रॉल्या भरून खाली उतरली. एक कडी वाळवीनं खाल्लेली निघाली, ती बदलली. चिपा धुऊन, वाळवून पुन्हा बसवल्या, वर लिंबाचा पाला पसरला तेव्हा सगळं घर कडू वासानं भरलं. चिखल तीन दिवस आधीच कुजत टाकला होता. तो तुडवताना मीही उतरले. घोट्यापर्यंत गार, आणि मधेच भुश्श्याची काडी तळपायाला टोचते. वर कोरडी पांढरी चाळून अंथरली, चोपण्यानं चोपली. संध्याकाळी तात्यांना दोघांनी धरून वर नेलं. त्यांनी एका कोपऱ्यात उभं राहून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी थबकलं, दोन बोटं डावीकडे सरकलं आणि तिथंच मुरायला लागलं. तात्यांनी काठीनं जागा दाखवली, "हितं उचला." तिथली माती खरवडून पुन्हा बसवली, पुन्हा तांब्या. या खेपेला पाणी सरळ पन्हळीकडे गेलं.

मजुरीचा हिशेब केला तर तेवढ्या जागेवर पत्रा टाकायला लागला असता त्यापेक्षा खर्च थोडा जास्तच झाला, आणि दर उन्हाळ्यात त्यातला काही पुन्हा होणार. गुरुजींना हे आधीच ठाऊक होतं. त्यांना पुढच्या सोप्यात दुपारी बसून वाचायचंय, एवढंच त्यांनी सांगितलं.

जुलैमध्ये त्यांचा फोन आला. सोप्याच्या डाव्या अंगाला गळतंय, काय करू? मी तात्यांना फोन लावला. "पयल्या सालाला गळतंच," ते म्हणाले. "पाऊस उघडला की वर जाऊन बघा म्हनावं. जितं पाय रुततोय तितनं वरच्या अंगाला हातभर जागा तुडवायची, कोरडी माती टाकायची, परत तुडवायची. खाली गळतंय तिच्या वर बघू नगा, तितं काय घावायचं न्हाई." गुरुजींचे गुडघे साथ देत नाहीत. शेजारच्या घरातला, अकरावीत शिकणारा मुलगा शिडी लावून वर गेला, मोबाईल कानाला धरून तात्यांशी बोलत बोलत त्यानं जागा शोधली. दोन दिवसांनी पुन्हा मोठा पाऊस झाला, तेव्हा सोपा कोरडा राहिला. त्या घराच्या तक्त्यात आम्ही लिहिलं: आषाढ, गळती काढणे, एक माणूस, तासभर. मोबदल्याच्या रकान्यात काय लिहायचं, असं मी गुरुजींना विचारलं. त्यांनी त्या मुलाला पैसे देऊ केले होते, त्यानं घेतले नाहीत. पुढच्या मे महिन्यात माती घालायला मला रोजानं बोलवा, म्हणाला.